चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

(कोलकात्यातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



कोलकात्यात उभं राहून, मराठीतून, घराच्या आरोग्याबद्दल आणि मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलायचं तर आधी हुगळीच्या पलीकडच्या काठाला जावं लागतं, श्रीरामपूरला. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी एका मराठी मुलीने इंग्रजीतून भाषण केलं. तिला अठरा वर्षं पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. नवरा टपाल खात्यात. अलिबाग, कोल्हापूर, भूज अशा बदल्या होत होत बिऱ्हाड कलकत्त्याला आणि मग श्रीरामपूरला आलेलं. डॉक्टर होण्यासाठी ती एकटी अमेरिकेला निघाली होती आणि त्यावरून काहूर उठलं होतं. लोक जे पाठीमागे विचारत होते ते तिने समोर घेतलं आणि एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीने का? जात वाळीत टाकेल त्याचं काय? तिथे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करतेस?

आनंदीबाई जोशी. त्याच एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याच्या बंदरातून जहाजात बसल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. तिथे एकही रोगी तपासायचं त्यांच्या नशिबी आलं नाही.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिच्यातल्या दोन गोष्टींपाशी आपण पुरेसं थांबत नाही. पहिली गोष्ट त्यांचे पती गोपाळराव यांच्या शिकवण्याची. बायकोला शिकवायचं या हट्टाचं आपण कौतुक करतो, पण त्या हट्टात मार होता. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. रूढीविरुद्ध उभा राहणारा माणूस ज्याच्यासाठी उभा राहतो त्याच्यावरच जुलूम करू शकतो. मुलांच्या भल्यासाठी नवी वाट धरणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे पत्र वाचावं असं मला वाटतं. दुसरी गोष्ट दहा दिवसांच्या त्या बाळाची. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तोवर शिक्षण हा नवऱ्याचा ध्यास होता. त्यानंतर डॉक्टर होणं हा त्यांचा स्वतःचा प्रश्न झाला. श्रीरामपूरच्या सभेत बोलली ती त्या बाळाची आई.

आणि तिने आपल्या प्रबंधाचा विषय कुठला निवडला? प्राचीन हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे जुने ग्रंथ हातात घेऊन ती अमेरिकेतल्या आधुनिक महाविद्यालयात गेली. आपल्याकडे काय होतं ते नीट पाहायचं, तिकडे काय आहे ते नीट शिकायचं आणि दोन्ही एका टेबलावर ठेवायचं. त्याच १८८६ साली इथल्या मेडिकल कॉलेजातून कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. तीनच वर्षांपूर्वीपर्यंत त्या कॉलेजात मुलींना दार बंद होतं; वैद्यक शिकू पाहणाऱ्या अबला दासांना त्यासाठी मद्रास गाठावं लागलं होतं.

माझं आजचं म्हणणं इथूनच सुरू होतं. कुटुंबाच्या आरोग्याबाबत आणि मुलांच्या शिक्षणाबाबत रूढ पद्धतीवर प्रश्न विचारायचा म्हटलं की आपण लगेच दोन बाजू करतो. एकीकडे दवाखाना आणि शाळा, दुसरीकडे घर, आजी, परंपरा. मग जो तो आपापल्या बाजूला जाऊन बसतो. मला ही विभागणीच खोटी वाटते. रूढी दोन्हीकडे असते. आजीकडेही असते आणि प्राध्यापकाकडेही असते, आणि कधी कधी दोघांची एकच असते. हे शिकायला कोलकात्यासारखं दुसरं शहर नाही, कारण पटकीचा इतिहास हा या शहराचा इतिहास आहे.

जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस इथे आला आणि १८८४ साली इथल्या रोग्यांत आणि तळ्यांच्या पाण्यात त्याने पटकीचा जंतू दाखवून दिला. दहा वर्षांनी हाफकिनने इथल्याच वस्त्यांत लस टोचून पाहिली. बंगालच्या खेड्यात तोवर आणि त्यानंतरही ओलाबीबीची पूजा चालूच होती, जशी आपल्याकडे मरीआईची. पण जंतू सापडला म्हणून रोगी वाचला नाही. पटकीचा रोगी जंतूने मरत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने मरतो. आणि ते का निघून जातं हे कळायला १९५९ साल उजाडलं. शंभुनाथ डे या कलकत्त्यातल्या डॉक्टरने सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की जंतू एक विष सोडतो आणि त्या विषाने आतडं पाणी ओतू लागतं. केवढा मोठा शोध! पण या माणसाला आपल्या देशाने जिवंतपणी जवळजवळ ओळखलंच नाही. ते १९८५ साली गेले.

आता तो मुद्दा, जिथे आजी आणि प्राध्यापक एकत्र येतात. मुलाला जुलाब लागले की घरची बाई काय करायची? पाणी तोडायची. पोटात गेलं की बाहेर पडतं, तर द्यायचंच कशाला, असा तिचा हिशेब. आणि डॉक्टर काय सांगायचे? आतड्याला विश्रांती द्या. खाणंपिणं बंद, शिरेतून सलाईन. दोघांची भाषा वेगळी, सल्ला एकच, आणि दोघंही चुकत होते. सलाईन मिळालं तो वाचला. ज्याच्या गावात सलाईन नव्हतं त्याला आजीने आणि पुस्तकाने मिळून तहानलेलं ठेवलं. किती पिढ्या अशा गेल्या असतील, विचार करवत नाही. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ १९०७ च्या नोव्हेंबरात मुंगेरला पटकीनेच गेला. अकराव्या वर्षात होता. ठाकूरांच्या घरात पैशाला, विद्येला, डॉक्टरांना तोटा नव्हता.

याच शहरात १९५३ साली डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देऊन बरं केलं, बरोबर एका झाडपाल्याचा रसही दिला, आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. जगाने लक्ष दिलं नाही. याला गोऱ्या लोकांचा गर्व असं नाव देऊन आपण मोकळे होऊ शकतो, आणि त्यात काही तथ्य असेलही. पण चॅटर्जींच्या कामात एक उणीव होती. रोग्याच्या अंगातून किती गेलं आणि आत किती राहिलं याची मोजणी त्यात नव्हती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बरोबर असलेली गोष्ट मोजलेली नसली तर ती दाराबाहेर पडत नाही. आणि न मोजलेली गोष्ट चूक असली तरी तिला कोणी अडवू शकत नाही. घरगुती उपचारांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना मी हेच उदाहरण देतो.

मग १९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, सरहद्दीजवळच्या बनगावात पटकी पसरली होती. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा रुग्णालयात सोळा खाटांची सोय होती आणि माणसं जमिनीवर, ओकारी-जुलाबाच्या चिखलात पडलेली होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. बाटल्या असत्या तरी शिरेत सुई घालायला शिकलेले हात नव्हते. तोंडावाटे दिलेलं मीठ-साखरेचं पाणी काम करतं हे ढाक्यात आणि कलकत्त्यात रुग्णालयातल्या प्रयोगांनी तोवर दाखवलं होतं. आतड्यात साखर शोषली जाते तेव्हा ती मिठाला बरोबर आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पटकीच्या विषानेही हा रस्ता बंद होत नाही. पण ते सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून. अडाणी माणसांच्या हाती हे देणं म्हणजे धोका, असं जाणकारांचं मत होतं.

महालनबीसांनी ते दिलं. एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्रात पुड्या भरल्या, इस्त्री फिरवून प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या आणि छावणीत मोठ्या पिंपांत ते पाणी कालवलं. पाजायचं कोणी? आईने, भावाने, नवऱ्याने, जो कोणी उशाशी बसला होता त्याने. लिटरला खर्च आला अकरा पैसे. आधी शंभरात तीस माणसं मरत होती. या रोग्यांत ते प्रमाण ३.६ वर आलं. पुढे ‘लॅन्सेट’ने या उपचारामागच्या, साखर मिठाला बरोबर आत नेते या शोधाला विसाव्या शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ साली या शहरात गेले. त्यानंतर देशाने त्यांना पद्मविभूषण दिलं.

बनगावात नेमकं काय घडलं? शोध जुना होता. महालनबीसांनी शोधलं ते हे, की आईवर भरवसा ठेवता येतो. हे त्यांनी भावनेने सांगितलं नाही, मेलेले आणि वाचलेले मोजून सांगितलं.

पुढची गोष्ट आणखी मोलाची आहे, कारण तिथे आरोग्य आणि शिक्षण एक होतं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन बायकांना हे पाणी करायला शिकवलं. पुड्या परवडणार नव्हत्या, म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं. शिकवणाऱ्या मुलींचा मोबदला कशावर ठरायचा? किती घरं केली यावर नाही. महिन्याभराने दुसरा माणूस जाऊन त्यातल्या काही बायकांना विचारायचा, करून दाखवायला लावायचा, आणि त्यांना किती आठवतं, किती जमतं त्यावर शिकवणारीचे पैसे. सुरुवातीला असं दिसलं की बायकांना कृती पाठ होती, तरी मूल आजारी पडल्यावर त्या वापरत नव्हत्या. खोलात गेल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता; स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत होत्या. तेव्हा त्यांना हे पाणी का काम करतं ते समजावून सांगितलं गेलं, स्वतः प्यायला लावलं गेलं. मग गावातही फरक पडला. शिक्षणशास्त्राचे किती ग्रंथ या एका अनुभवात आहेत!

आपल्या महाराष्ट्रात याच जातीचं काम गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. नवजात बाळाला न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग झाला की रुग्णालय, हा नियम. आणि रुग्णालय तर कोसो दूर. बाळंतिणीच्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीतून बाळ बाहेर काढायचं नाही, हाही नियम, घराचा. पुन्हा दोन्ही रूढींनी मिळून बाळाला मधल्यामध्ये सोडलेलं. बंगांनी गावातल्याच बायकांना तयार केलं. आरोग्यदूत. निरक्षर दायांसाठी वाळूच्या घड्याळाचं आणि मण्यांचं श्वास मोजायचं साधन बनवलं. बाळाचं वजन, ऊब, चिकाचं दूध, आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा, सगळं घरात. गावच्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, हे वैद्यकीय जगाला सहज पचणारं नव्हतं. पण त्यांनी ३९ गावांत हे काम केलं, शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, एकेक जन्म आणि एकेक मृत्यू नोंदला. हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती; तिसऱ्या वर्षी ते प्रमाण २५ च्या घरात आलं. तुलनेच्या गावांत ते होतं तिथेच राहिलं. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं आणि आज देशभरातल्या आशाताई नवजात बाळांच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात त्याचं मूळ तिथे आहे.

आता शाळेकडे वळतो. इथे माझं मन जास्त अस्वस्थ होतं, कारण आरोग्यात जे घडलं त्याच्या निम्मंही शिक्षणात घडलेलं नाही.

२०२५ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी. अभिजित या शहरात वाढलेले, आणि त्यांच्या आई, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. तेव्हा आपण मराठी माणसांनी त्यांना थोडं आपलं म्हणायला हरकत नाही. अभ्यास कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचा. भाजीच्या गाड्यावर बसणारी, आईबापांना मदत करणारी मुलं, शाळेचं तोंड पाहिलेली. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. वीस रुपये किलोचे बटाटे आठशे ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे, ही घ्या दोनशेची नोट, अशा तऱ्हेचे सौदे. मुलांनी तोंडी, कागद न घेता, जवळजवळ बिनचूक हिशेब केले आणि सुटे परत दिले. मग त्याच मुलांना शाळेतली गणितं दिली, कागद-पेन्सिल देऊन. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागा. कोलकात्यात जेमतेम एक तृतीयांश मुलांना आलं.

हे वाचून शाळेला नावं ठेवणं सोपं आहे, आणि थोडी ठेवावीतही. ज्या मुलाच्या डोक्यात गुणाकार, बेरीज, वजाबाकी पळत असते त्याला शाळा ‘ढ’ म्हणते, यापेक्षा मोठा अपमान कुठला? पण अभ्यासाची दुसरी बाजू तेवढीच बोचते. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना तोंडी सौदा जमला नाही. आणि बाजारातल्या मुलांची हुशारी कागदापर्यंत पोचली नाही, म्हणजे नववी-दहावीच्या गणितापर्यंत, पुढच्या नोकरीपर्यंतही ती पोचणार नाही. दोन ज्ञानं एकाच मुलाच्या, एकाच वर्गाच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

आपल्याकडे हा पूल एके काळी होता. माझ्या पिढीतल्या अनेकांनी आजोबांच्या तोंडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ऐकली असेल. सव्वा शेराचे, दीड मापाचे पाढे. बंगालच्या पाठशाळेत तेच काम शुभंकरीची पद्यं करत. पंतोजी आणि गुरुमोशाय यांच्या शाळा बाजाराला चिकटून चालत होत्या. मूल जे शिके ते संध्याकाळी दुकानात वापरी. पण म्हणून मी त्या शाळा परत आणा म्हणणार नाही. त्यांत छडी होती, मुली नव्हत्या, अस्पृश्य मुलांना सावलीही नव्हती. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली ती याच रूढीला धक्का देऊन, आणि त्यांनी आधुनिक शाळेचा वर्ग, वेळापत्रक, परीक्षा हे सगळं आनंदाने घेतलं. आज ‘शाळा म्हणजे कारखाना’ असं सहज बोललं जातं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्या दारात उभं केलं नाही, त्यांच्यासमोर हे वाक्य जपून बोलावं.

शाळेवरचा सर्वांत खोल प्रश्न या शहरातल्या ज्या मुलाने विचारला तो शाळेतून पळणारा मुलगा होता. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स. रवींद्रनाथ कुठेच टिकले नाहीत. घरी शिकले. मातृभाषेतून शिक्षण हवं हा निबंध त्यांनी १८९२ साली लिहिला आणि १९०१ च्या डिसेंबरात शांतिनिकेतनात पाच मुलांवर शाळा काढली, त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा होता. झाडाखालचे वर्ग आपण सगळ्यांनी फोटोत पाहिले आहेत. पण पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. पालकांना मॅट्रिक हवी होती. भद्रलोकांच्या, म्हणजे शिकलेल्या मध्यमवर्गाच्या, मुलांसाठी परीक्षेचं ओझं हळूहळू त्या झाडाखालीही आलं. तेव्हा १९२४ साली रवींद्रनाथांनी खेड्यातल्या गरीब मुलांसाठी वेगळी शाळा काढली, शिक्षासत्र. तिथे मुलं बाग करत, स्वयंपाक करत, हातकाम शिकत, आणि त्याच कामातून विद्या. आणि जवळच श्रीनिकेतनात गावोगावच्या सहकारी आरोग्य समित्या उभ्या राहत होत्या. डबकी बुजवणं, मलेरियाशी झुंज. त्यांच्या मनात शाळा आणि आरोग्य ही दोन खाती नव्हती. शांतिनिकेतनाची कीर्ती जगभर झाली. शिक्षासत्राकडे कोणी फारसं पाहिलं नाही. मला उलट वाटतं. रवींद्रनाथांचा खरा धाडसी प्रयोग तो होता.

तीच वाट ताराबाई मोडकांनी आमच्याकडे अधिक लांब नेली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या, माँटेसरीच्या मोठ्या अभ्यासक. पण माँटेसरीची साधनं महाग आणि बालमंदिरं शहरातल्या सुखवस्तू घरांची. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. सुरुवातीला बालवाडी काढली तर हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. मग त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं म्हणजे चिंचोके, शिंपले, बिया, खडे, पानं. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी. मोठी मुलं गुरं चारायला जात होती, तर शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना आणली, तीत आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण एका छपराखाली आले, आणि त्या छपराला आज देशभर अंगणवाडी म्हणतात.

ताराबाईंनी जे केलं नाही, किंवा त्यांच्या काळात करता आलं नाही, ते म्हणजे मोजणं. कोसबाडची मुलं पुढे किती वाचू लागली, शेजारच्या गावापेक्षा किती जास्त, याचा बंगांसारखा ताळेबंद नाही. म्हणून अंगणवाडी पसरली तेव्हा तिचा सांगाडा पसरला. खिचडी आणि हजेरीपत्रक गेलं, चिंचोके मागे राहिले. मुलांना खरोखर वाचता येतं का, हा साधा प्रश्न देशपातळीवर घरोघर जाऊन विचारायला २००५ साल उजाडलं. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने तो विचारला, तेव्हा कळलं की पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. शाळा होत्या, पटसंख्या होती, निकाल होते. फक्त हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि घराने काय केलं? घराने शिकवणी लावली. २०२२ च्या ‘असर’ अहवालात पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातली ७४ टक्के मुलं पैसे देऊन शिकवणीला जात होती. देशात हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास. अमर्त्य सेन यांच्या प्रतीची ट्रस्टने या रोगाकडे वीस वर्षांपूर्वीच बोट दाखवलं होतं. जो बाप दिवसाला मिळवतो त्यातून शिकवणीचे पैसे काढतो, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याला दिसतंय की शाळेत शिकणं होत नाही. पण तो शाळेला प्रश्न विचारत नाही, तीच शाळा संध्याकाळी पुन्हा विकत घेतो.

इथेच मला एका वेगळ्या धोक्याबद्दल बोलायचं आहे. शिकलेल्या घरांत आज रूढीवर प्रश्न विचारण्याची एक लाट आहे. लस नको, शाळा नको, औषध नको. त्यामागची अस्वस्थता मला परकी नाही. खासगी दवाखान्यांनी ती ओढवून घेतली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पश्चिम बंगालच्या खासगी रुग्णालयांतली ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणं शस्त्रक्रियेने झालेली दिसतात. एवढ्या बायकांना शस्त्रक्रियेची गरज होती असं कोण म्हणेल? यावर प्रत्येक घराने बोललंच पाहिजे, डॉक्टरला समोरासमोर विचारलंच पाहिजे. पण त्या रागाच्या भरात लसही फेकून देणं वेगळं. भारतातला जंगली विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला, तो नदीपलीकडच्या हावडा जिल्ह्यात. दोन वर्षांचीही नसलेली मुलगी. त्यानंतर असा एकही नाही. हे लाखो स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन, दारावर खडूच्या खुणा करून, मोजून मिळवलेलं आहे. ज्या घराला लस नाकारावीशी वाटते त्याने आधी या मोजणीला उत्तर द्यावं. स्वतःच्या मुलावर प्रयोग करताना शेजारच्या मुलाला पणाला लावायचा हक्क कोणालाच नाही.

मग घराने प्रश्न विचारायचा तरी कसा? त्याचं एक उत्तर मला अलीकडच्या एका अभ्यासात सापडलं. जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना ओआरएस, म्हणजे तेच मीठ-साखरेचं पाणी, मिळत नव्हतं, असं २०१९-२१ ची तीच राष्ट्रीय पाहणी सांगते. बनगावनंतर अर्धशतक उलटून! कारण काय असेल? पुडी मिळत नाही? डॉक्टरला माहीत नाही? त्याला महाग औषधात फायदा आहे? २०२४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे आणि औषध देणाऱ्यांकडे ठरवून पाठवलेले ‘बाप’ गेले, लहान मुलाला जुलाब होताहेत म्हणून. सगळ्यांत मोठं कारण निघालं ते हे, की डॉक्टरला वाटत होतं या माणसाला ओआरएस नकोच आहे. त्याला ‘खरं’ औषध हवंय. आणि जेव्हा त्या बापाने आपण होऊन ओआरएसची पसंती सांगितली, तेव्हा ते लिहून देण्याचं प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढलं.

म्हणजे दवाखान्यातला माणूस घराला गृहीत धरून बसलेला, आणि घर दवाखान्याला. मध्ये एक वाक्य बोलायचं राहिलेलं. शाळेतही तेच आहे. मुलाला किती गुण पडले हे आपण विचारतो, शिक्षकही तेच सांगायला तयार होऊन बसलेला असतो. माझ्या मुलीला हा परिच्छेद वाचून अर्थ सांगता येतो का, ती दुकानातला हिशेब कागदावर मांडू शकते का, हे विचारलं तर त्या शिक्षकाला उत्तर शोधावं लागेल, आणि ते शोधताना तो मुलीकडे पाहील. पालकसभेला जाताना हा प्रश्न घेऊन जा. ज्यांच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची मुलं महापालिकेच्या शाळेत आहेत, त्यांनी त्या ताईंबरोबर त्या शाळेतही जा आणि तोच प्रश्न तिथे विचारा. आणि घरात लहान मूल असेल तर औषधाच्या कपाटात ओआरएसच्या दोन पुड्या आणि जस्ताच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आजच आणून ठेवा. पुडी किती पाण्यात घालायची ते पाकिटावर छापलेलं असतं, ते घरातल्या प्रत्येकाने एकदा मोठ्याने वाचा, आजोबांनीसुद्धा.